कवटी मागवण्याआधी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या बाईंनी बारावीच्या उत्क्रांतीच्या धड्यासाठी पाच कवट्यांचा संच मागवला. कॅटलॉगमधला फोटो झकास, दरही परवडणारा. चिंपांझीपासून आधुनिक माणसापर्यंत सगळे हजर. बाईंनी एकेक कवटी उलटी केली आणि त्या थबकल्या. मज्जारज्जू बाहेर पडतो ते मोठं छिद्र पाचही कवट्यांत अगदी एकाच जागी! चिंपांझीत ते मागे सरकलेलं असतं, दोन पायांवर ताठ चालणाऱ्या माणसात तळाच्या मध्याजवळ. मुलांनी नेमका हाच फरक बोट ठेवून पाहायचा होता. कारागिराने तळ एकच ठेवून वर फक्त चेहरे बदलले होते. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, मुलांना काय कळतंय?"

त्या दिवसापासून बाई किमतीच्या आधी एक प्रश्न विचारतात: ही मूळ नमुन्यावरून साचा घेऊन केली आहे, की चित्र पाहून घडवली आहे? साच्यातून आलेली असेल तर विक्रेत्याला नमुन्याचा क्रमांक सांगता येतो. नाही सांगता आला, तर ती शोभेची वस्तू समजावी.

नर्मदेची कवटी या कसोटीला उत्तम आहे. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा इथे तिचा भाग मिळाला. भाग म्हणजे डोक्याच्या कवचाचा, मुख्यतः उजवीकडचा. चेहरा नाही, खालचा जबडा नाही. तेव्हा 'नर्मदा मानव' म्हणून कुणी दातांसकट अखंड कवटी पुढे केली, तर कल्पनेने भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवला आहे का ते बघावं. चांगले कारागीर तो दाखवतात.

प्रतिकृतीवर विसंबण्याचे दोन टोकाचे परिणाम इतिहासात नोंदलेले आहेत. १९१२ साली लंडनमध्ये 'पिल्टडाउन मानव' जाहीर झाला. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलेला, दात कानशीने घासलेले, हाडं रंगवलेली. मूळ हाडं संग्रहालयात कुलूपबंद होती आणि बहुतेक अभ्यासकांच्या वाट्याला प्लास्टरच्या प्रती आल्या. चढवलेला रंग आणि हाडातलं फ्लोरिन प्लास्टरवर कसं तपासणार? लबाडी उघड व्हायला १९५३ साल उजाडलं. उलट चीनच्या झोउकोउदियन इथले 'पेकिंग मानवा'चे जीवाश्म १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत गहाळ झाले, ते आजवर मिळालेले नाहीत. त्यांचा अभ्यास अजून चालतो तो फ्रांझ वायडेनराइख यांनी करवून ठेवलेल्या काटेकोर प्रतींमुळे. दोन्हीकडे मालमसाला प्लास्टरच!

खरी हाडंच का नकोत, असं काही जुने शिक्षक विचारतात. पाश्चात्त्य वर्गांतले सांगाडे कित्येक वर्षं कोलकात्याहून जात असत. ते कुणाचे, मृताची किंवा नातेवाइकांची संमती होती का, हे कुणी विचारलं नाही. १९८५ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. शाळेपुरती प्रतिकृतीच बरी, हे बाईंचं मत मला पटतं.

प्रतिकृती घेताना कवटी पोकळ हवी. मग तळाच्या छिद्रातून मोहरी भरून ती मोजपात्रात ओतता येते. माणसाच्या कवटीची धारणक्षमता सुमारे १३५० घनसेंटीमीटर, चिंपांझीची ४०० च्या आसपास. मुलांच्या दोन गटांचे आकडे हमखास जुळत नाहीत, आणि तास खरा तिथे रंगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सॅम्युअल मॉर्टन यांनी आधी मिरीसारखे दाणे भरले. मापं जुळेनात, म्हणून पुढे शिशाचे छर्रे वापरले. भरीव प्रतीत यातलं काहीच जमत नाही. हाताळायचं म्हणाल तर कवटी खालून दोन्ही हातांनी उचलावी. मुलं डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालतात, किंवा गालाच्या हाडाची कमान धरतात. पहिली तुटते ती कमानच.

हल्ली विकत घेण्याला पर्यायही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या 'होमो नलेदी' या प्राचीन मानवप्रजातीचं वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा हाडांच्या त्रिमितीय फायली मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या गेल्या. जवळच्या थ्रीडी प्रिंटरवाल्याकडून त्या छापून घेता येतात. फक्त माप शंभर टक्केच ठेवायला बजावावं. यंत्रात मावावी म्हणून तो गुपचूप कवटी लहान करतो. पट्टी लावून लांबी ताडून पाहावी, पैसे त्यानंतर द्यावेत.