छपराचा खर्च आणि पावलांचा खर्च

माडीवरच्या दोन वर्गखोल्या बंद ठेवाव्यात, म्हणजे झाडलोट व डागडुजी यांचा खर्च तितकाच कमी होईल, अशी सूचना यंदा आमच्या शाळेच्या पालकसभेत पुढे आली. सूचना सद्भावनेची होती आणि ऐकताक्षणी पटण्यासारखीही. परंतु विद्यार्थ्यांसह आम्ही वर्गात तिचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा प्रकरण दिसते तितके सरळ नाही असे आढळले.

इमारतीचा खर्च दोन जातींचा असतो. एकास छपराचा खर्च म्हणू, दुसऱ्यास पावलांचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली वर्ग भरला आहे की खोलीस कुलूप आहे, याची चौकशी पाऊस करीत नाही. फुटकी कौले बदलणे, वासे तपासणे, चिऱ्याच्या भिंतीवरील शेवाळ खरवडून चुना देणे, हा सारा खर्च इमारतीच्या आकारमानाप्रमाणे चालतो.

पावलांचा खर्च निराळा. समजा, शाळेत दहा वर्ग आहेत, पाच खाली व पाच माडीवर. प्रत्येक वर्ग २५ फूट लांब व २० फूट रुंद असून त्यात ४० मुले बसतात. खालचा व्हरांडा (घरी आम्ही कोकणीत त्याला वसरी म्हणतो) १२५ फूट लांब व ८ फूट रुंद आहे. वर्गाच्या ५०० चौरस फुटांवर ४० मुलांची पावले पडतात, तर व्हरांड्याच्या १००० चौरस फुटांवर ४०० मुलांची. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर पाचपट वर्दळ! शिवाय चपलांना लागलेली तांबडी माती तेथेच प्रथम सुटते. आता माडीवरचे दोन वर्ग बंद केले, तर त्यांतील ८० मुले उरलेल्या आठ वर्गांत दाटीने बसतील. बाके एकमेकांस भिडतील व त्यांखाली केरसुणी फिरवणे अवघड होईल. व्हरांड्यातील एकही पाऊल मात्र कमी होणार नाही.

हे गणित मांडण्यापूर्वीच शाळा झाडणाऱ्या मावशींना ठाऊक होते. आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, वर्गांचे काय, ते झाडून होतात. माझी कंबर मोडते ती जिन्यावर." पिण्याच्या पाण्याचा नळ जिन्याच्या तोंडाशीच आहे. तेथे सांडलेले पाणी आणि पायांची माती मिळून चिखल होतो व मुलांच्या पावलांनी तो माडीपर्यंत चढतो. इतकी वर्षे आम्ही त्याच जिन्याने चढत-उतरत होतो, पण हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

बंद खोलीत तर आणखी एक धोका असतो. आमचे काका मुंबईस गेल्यावर घरातील राजांगणापलीकडच्या दोन खोल्यांस कुलूप लागले. पुढे केव्हातरी एक कौल सरकले. कोणी राहत असते तर अंथरुणावर थेंब पडताच आरडाओरडा झाला असता. दार उघडले तेव्हा वासा वाळवीने पोखरला होता. एका कौलाचे काम सुताराच्या महिनाभराच्या मजुरीवर गेले.

जुन्या गोव्यात हेच चित्र फार मोठ्या प्रमाणावर दिसते. धार्मिक संघांवरील बंदीमुळे १८३५ साली सेंट ऑगस्टीनचा मठ ओस पडला. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, तेथील चर्चचे कमानदार छत कोसळले; १९३१ साली दर्शनी भाग व निम्मा मनोरा पडला. जवळच, १६०५ साली पुरे झालेले बॉम जेझूस चर्च त्याच चिऱ्याचे आहे आणि पाऊसही त्यावर तोच पडतो. डागडुजी त्यालाही लागतेच. पण तेथे माणसांचा राबता आहे, म्हणून गळती वेळीच नजरेस येते, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांनी सही करून शाळा समितीस एक अर्ज दिला आहे: नळ अंगणाच्या कडेस हलवावा, व्हरांड्याच्या दोन्ही तोंडांशी काथ्याची पायपुसणी टाकावीत आणि माडीवरच्या खोल्या बंद न करता त्यांपैकी एकीत दुपारचे वाचनालय चालवावे. समितीचा निर्णय अद्याप यावयाचा आहे. पायपुसणी मात्र नववीच्या मुलांनी आधीच आणून टाकली आहेत.