बेंदराचा बैल आणि बाजाराचा बैल

ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर व पुढे आषाढात महाराष्ट्र बेंदूर, असे बैलाचे दोन सण आपल्या कोल्हापूर प्रांती चालत आले आहेत. अन्यत्र श्रावण अमावास्येस होणाऱ्या पोळ्याचा मान आपल्याकडे बेंदरास आहे. त्या दिवशी बैलास जुवास जोडीत नाहीत; त्यास धुऊन शिंगे तासून रंगवितात, झूल घालितात, पुरणपोळी चारितात व सायंकाळी वाजतगाजत नेऊन कर तोडितात.

बैल धुताना धन्याचा हात त्याच्या सर्वांगावरून फिरतो. खांदा सुजला आहे काय, खूर वाढला आहे काय, हे तेव्हा सहज कळते. परंतु तोच धनी पेठ वडगावच्या बाजारात किंवा सांगली जिल्ह्यातील खरसुंडीच्या जत्रेत गेला म्हणजे शृंगारास भुलतो. शिंगांवरील वळी तासल्या की वयाची एक खूण जाते, आणि झुलीखाली खांद्याचा व्रण झाकतो. आता पुष्कळांची नांगरट ट्रॅक्टरने होते. तथापि ज्यांचे शेत बैलांवर आहे, त्यांची जोडी फसली तर हंगामच हातचा जातो.

सबब बैल उघड्या अंगाने पाहावा. वय दातांवरून ठरवावे. पहिले दोन कायमचे दात सुमारे अडीच वर्षांच्या वयात येतात, व आठही दात जुळण्यास 5 वर्षांच्या आसपास काळ लागतो. नंतर बैल चालवून व जुवास जोडून पाहावा.

दुसरी गोष्ट सौद्याची. रुमालाखाली बोटे धरून दर ठरविण्याची चाल जुनी आहे; पण तीत दलालास जितके कळते तितके धन्यास कळत नाही. आयर्लंडातील जुन्या जत्रांतही मध्यस्थ असे. मात्र तेथे सौदा चारचौघांदेखत हातावर हात मारून पुरा होई, व विकणारा शकुन म्हणून थोडे पैसे घेणाऱ्यास परत देई. आपणही दर उघड बोलावा व पावती घ्यावी.

तिसरी गोष्ट रोगाची. 2022 साली लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत हा रोग पसरतो. म्हणून लस टोचलेलेच जनावर घ्यावे, व घरी आणल्यावर ते निदान 4 आठवडे वेगळे बांधावे.

बेंदरास आपण बैल ज्या ममतेने न्याहाळतो, त्याच बारकाईने तो बाजारातही पाहावा, इतकेच आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितो.