बॅग लेकरालाच भरू द्या

परीक्षा संपल्या की नांदेड-लातूरच्या घरांत हल्ली एक नवा बेत शिजायला लागतो. तिरुपती आणि महाबळेश्वरच्या जोडीला आता ताडोबा, टिपेश्वर ही नावंही येतात. चांगलंच आहे. टिपेश्वर तर आपल्या शेजारचंच; किनवटच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं लहानसं अभयारण्य, पण वाघांनी गजबजलेलं. नांदेडहून पहाटे निघालं तर दुपारच्या फेरीला आरामात पोचता येतं. लातूरकरांना त्याआधी अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठावं लागतं, एवढाच फरक.

बेताबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते बॅगेबद्दल. आपल्याकडे बुकिंग पप्पा करतात, बॅगा मम्मी भरते आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते लेकरू शेवटी गाडीत सामानासारखं ठेवलं जातं. त्याच्या बॅगेत काय आहे ते त्यालाच ठाऊक नसतं.

जंगलाच्या गेटवर पहाटे थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा. जिप्सी सुरू झालेली, गाइड घाई करतोय, आणि पाचवी-सहावीतला एक मुलगा हुडहुडत विचारतोय, "मम्मी, माझी कानटोपी कुठंय?" मम्मी म्हणते, "निळ्या बॅगेत, खालच्या कप्प्यात." निळी बॅग खोलीवर. मग मम्मीची ओढणी त्याच्या डोक्याला, पप्पांचा चेहरा वाकडा आणि पहिला अर्धा तास रुसव्यात. कानटोपी घेतलेली होती, हे विशेष. फक्त ती ज्याच्या डोक्यावर असायला हवी होती, त्याचा तिच्याशी काही संबंध आलेला नव्हता.

म्हणून एवढंच करा. निघायच्या दोन दिवस आधी एक छोटी पाठपिशवी लेकराच्या हातात द्या आणि म्हणा, "तुझं सामान तू भर. पण आधी मला सांग, तिथं काय काय होणार आहे." खरी तयारी त्या दुसऱ्या वाक्यात आहे. कारण सफारीत काय होतं हे नीट कळलं, की काय घ्यायचं ते दहा वर्षांचं लेकरूही बिनचूक ठरवतं.

उदाहरणार्थ, थंडी. आपण मराठवाड्याची माणसं, उन्हाला सरावलेली. थंडीला फारसं मोजत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत सूर्य उगवायच्या आधी बसलं, की वारा कानातून आत शिरतो. आणि दहा वाजता त्याच जिप्सीत घाम फुटतो. एक जाडजूड जॅकेट घातलेलं लेकरू आधी कुडकुडतं, मग उकडून निघतं. बनियन, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, स्वेटर, वरून वाऱ्याला अडवणारं काहीतरी, असे एकावर एक थर हवेत, एकेक काढत जाता येतील असे. हे त्याला सांगू नका, विचारा: "सहा वाजता काय घालशील? दहा वाजता काय काढशील? काढलेलं ठेवशील कुठं?" उन्हाळ्यात प्रश्न उलटा. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा मोठा पंचा, टोपी आणि भरपूर पाणी. शक्यतो स्टीलच्या बाटलीतच, कारण प्लास्टिकच्या बाटल्या जंगलात नकोतच.

आणि दस्ती. एक नाही, दोन. कच्च्या रस्त्यावर पुढच्या जिप्सीचा धुराळा थेट तोंडावर येतो. नाकातोंडावर बांधायला एक, तोंड पुसायला एक. दम्याचं औषध किंवा गाडी लागते म्हणून गोळी लागत असेल, तर ती मात्र तुमच्याजवळ ठेवा.

कपड्यांच्या रंगावरून घरोघरी वाद होतो. मातकट, खाकी, शेवाळी बरे. पांढराशुभ्र आणि भडक नको. पण त्यामागचं कारण लेकराला सांगितलंत तर मजा येईल. वाघ एवढा केशरी, मग हरणाला दिसत कसा नाही? कारण हरणाच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा असा भेद जाणवत नाही. गवतातला वाघ त्याला गवतासारखाच दिसतो. म्हणजे तुमच्या नारिंगी टी-शर्टाने चितळ बिचकेलच असं नाही, ते बिचकतं तुमच्या हात हलवण्याने आणि आवाजाने. पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रंग आपल्याहून जास्त कळतात. हे ऐकल्यावर पोरगं स्वतःच कपाटातून कपडे काढतं. अत्तर-डिओ घरीच ठेवायचं, हे प्राण्यांच्या नाकाची गोष्ट सांगितली की त्याचं त्यालाच पटतं.

खाण्याचं मात्र आयांनी थोडं ऐकावं. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सगळं घ्या. प्रवासात त्याला तोड नाही. पण ते खोलीवर राहू द्या. जिप्सीत डबा उघडायचा नाही, चिप्सचं पाकीट तर नाहीच. त्याची कुरकुर शांत जंगलात लांबपर्यंत जाते आणि रिकामं पाकीट वाऱ्याने उडून मागे राहतं. फेरी चार तासांच्या आसपासची असते. निघण्याआधी पोटात काही असलं, तर लेकरू तेवढा वेळ सहज काढतं. लघवीला मात्र खोलीवरच जाऊन यायचं. वाटेत हवं तिथं उतरता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

दुर्बीण घ्यायची असेल तर दहापट दाखवणाऱ्या मोठ्या दुर्बिणीच्या नादी लागू नका. लहान हातात ती थरथरते आणि चित्र नाचतं. आठपट पुरे, वजनाला हलकी. आणि ती लेकराच्या गळ्यात असू द्या, पप्पांच्या नाही. सोबत एक वही आणि शिसपेन्सिल. ताडोबाच्या कोअरमध्ये पर्यटकांना मोबाइल वापरता येत नाही. त्याचा मला तरी आनंदच वाटतो. निदान चार तास आपलंही डोकं वर राहतं.

वहीत काय लिहायचं, हेही आधी बोलून ठेवा. इथे मला लातूरकरांशी जरा स्पष्ट बोलायचंय. लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना खूप दिलं, नाकारत नाही. पण त्यातून आपल्याला एक खोड लागली आहे: प्रत्येक गोष्टीचा निकाल मागायची. जंगलातून परतल्यावर आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात, "वाघ दिसला का?" ते "किती पडले?"च्याच सुरात. दिसला नाही म्हटलं की पोराचा चेहरा नापास झाल्यासारखा. तेव्हा वहीत वाघाशिवायही बरंच येऊ द्या. चितळाची हाक कशी, सांबराची कशी, वानर खाकरतं तेव्हा कुठल्या दिशेला बघतं. गाइडला विचारलं तर तो सांगेल की सांबर ओरडलं की त्यावर जास्त भरवसा ठेवायचा, चितळ उगाचही ओरडतं. पाऊलखुणा धुळीत दिसल्या तर त्यांचं चित्र. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' निघण्याआधी घरात वाचून झालं, तर वही आपोआप भरेल.

आणि एक नकाशा. महाराष्ट्राचा साधा शालेय नकाशा. त्यावर त्याला टिपेश्वर शोधायला लावा आणि मग धाराशिव जिल्ह्यातलं येडशी रामलिंग अभयारण्य, लातूरहून गाडीने जेमतेम तासा-दीड तासाचं. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला, आणि तो टिपेश्वरचा निघाला. साडेचारशेच्या वर किलोमीटर, शेतं, नद्या, हमरस्ते ओलांडत. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ निघाला होता. तो भटकत भटकत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघ बघायला आपण पार विदर्भात जातो आणि तो तर आपल्याच शिवारातून जातोय, हे कळल्यावर लेकराच्या डोळ्यांत जे येतं ते बघा. मग सफारीत वाघ नाही दिसला तरी परतीच्या वाटेवर ते खिडकीतून उसाकडे बघत बसेल.

भरून झाल्यावर बॅग तपासू नका, हे तुम्हाला सगळ्यांत जड जाईल. फार तर एकदा विचारा, "ही बॅग चार तास मांडीवर ठेवून बसशील का?" दोन वस्तू आपोआप बाहेर येतील. एखादी चीज विसरली तर विसरू द्या, एका सकाळच्या धुळीने काही बिघडत नाही. ऐन थंडीत स्वेटरच राहिला असेल, तेवढं बघा.

एक गोष्ट मात्र लेकरावर सोडू नका. बुकिंग करताना दिलेल्या ओळखपत्राची मूळ प्रत गेटवर दाखवावी लागते. सगळ्यांची आधार कार्डं पप्पांनी आपल्या पाकिटात ठेवावीत, आणि बुकिंगमधलं नाव कार्डाशी जुळतंय का ते निघायच्या आधी बघावं. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही. तारीख धरताना तेही.