इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदासाठी काय वाचावे?

(मोठ्या गटासाठी व पालकांसाठी)



गेल्या गणपतीत आपल्या वर्गाने केलेले मखर तुम्हांला आठवत असेल. मूर्तीच्या मागे पुठ्ठ्याचे चक्र होते आणि ते आपोआप फिरावे अशी योजना होती. मोठ्या गटातल्या एका मुलाने त्यासाठी खेळण्यातली छोटी मोटर आणली. तिची एक तार ‘आर्डुइनो उनो’ बोर्डाच्या नऊ नंबरच्या पिनला जोडली, दुसरी ग्राउंडला जोडली आणि प्रोग्रॅम सुरू केला. चक्र जरासे थरथरले आणि थांबले. आरतीला अर्धा तास उरला असताना तो माझ्याकडे आला. "काका, प्रोग्रॅम बरोबर आहे, पण नऊ नंबर मेली!" त्याचे बाबा सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी प्रोग्रॅम तीनदा तपासला. त्यात खरोखरच चूक नव्हती. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने मखरामागे बसून चक्र हाताने फिरवले. प्रसाद तिला दुप्पट मिळाला, पण हा मुलगा पुढे कित्येक दिवस बोर्डाला हात लावेना.

पुढच्या रविवारी त्याचे बाबा मला म्हणाले, "याला नीट पाया घालून शिकवायला हवे. हे कसे वाटते?" आणि पिशवीतून त्यांनी स्वतःचे कॉलेजातले पुस्तक काढले. रमेश गावकर यांचे 8085 या मायक्रोप्रोसेसरवरचे पुस्तक. भारतात इंजिनिअरिंग केलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. 1984 साली ते प्रथम निघाले. प्रोसेसर मेमरीतून एकेक आज्ञा कशी उचलतो आणि पार कशी पाडतो, हे इतक्या सावकाशपणे समजावणारी पुस्तके थोडी आहेत. पण मोटर का फिरली नाही, या प्रश्नाचे उत्तर बारा वर्षांच्या मुलाला त्यात सापडणार नाही. पुस्तक दहाव्या पानावर मिटेल, आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे त्याच्या मनात पक्के बसेल. आपण पालक प्रेमापोटी नेमके हेच करतो. सगळ्यांत जाड ग्रंथ सर्वांत आधी हातात देतो.

म्हणून हा लेख. आधी मोटरचे उत्तर पाहू, कारण ते कुठे लिहिलेले होते हे कळले की पुस्तकांचा क्रम लावणे सोपे जाते.

उनो बोर्डावर ‘एटीमेगा 328 पी’ नावाची चिप असते. तिच्या उत्पादकांनी तिचे डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, सर्वांसाठी फुकट ठेवले आहे. ते काहीशे पानांचे आहे. ते पहिल्या पानापासून कोणीच वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. शेवटाकडे विद्युत गुणधर्मांचे प्रकरण आहे, त्यातला पहिलाच छोटा तक्ता उघडा. त्याला कमाल मर्यादांचा तक्ता म्हणतात. त्यात एका पिनमधून जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा 40 मिलिअँपिअर दिली आहे, आणि सगळ्या चिपला वीज पुरवणाऱ्या पिनांची 200 मिलिअँपिअर. खेळण्यातली मोटर सुरू होताना सहज काहीशे मिलिअँपिअर मागते. पिनने ते देण्याचा प्रयत्न केला आणि बिचारी जळली.

या तक्त्याबद्दल एक गैरसमज मोठ्या माणसांतही आढळतो. कमाल मर्यादा म्हणजे ‘इथपर्यंत खुशाल वापरा’ असा परवाना नव्हे. त्यापलीकडे गेल्यास चिप कायमची बिघडू शकते, एवढाच तिचा अर्थ. औषधाच्या खोक्यातला कागद वाचून कोणी जास्तीत जास्त मात्रा रोज घेतो का? या चिपच्या बाबतीत एका पिनवर 20 मिलिअँपिअरच्या आत राहावे हे बरे.

मग मोटर फिरवायची कशी? पिनने फक्त ट्रान्झिस्टरला इशारा द्यायचा. रोधातून (म्हणजे रेझिस्टरमधून) काही मिलिअँपिअर त्याच्या बेसला द्यायचे, आणि मोटरचा मोठा प्रवाह वेगळ्या बॅटरीतून त्या ट्रान्झिस्टरमधून वाहू द्यायचा. बॅटरीचे ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला जोडायला विसरू नये. मोटरच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा बसवायचा, कारण मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यात क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि तो ट्रान्झिस्टरला मारू शकतो. सगळा मिळून काही पेन्सचा मामला.

आता पुस्तके. हे सारे अगदी पहिल्यांदा कळण्यासाठी मी फॉरेस्ट मिम्स यांचे ‘गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स’ (1983) सुचवीन. हे पुस्तक छापील अक्षरांत नाही. मिम्स यांनी सारा मजकूर आणि आकृत्या स्वतःच्या हाताने कागदावर काढल्या, आणि पुस्तक तसेच छापले गेले. एखाद्या हुशार मित्राची वही चाळावी तसे वाटते. मिम्स यांनी कॉलेजात इंजिनिअरिंग नव्हे, राज्यशास्त्र घेतले होते. इलेक्ट्रॉनिक्स ते स्वतःचे स्वतः शिकले, म्हणूनच अडते कुठे हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. काही सुटे भाग आता जुने झाले आहेत, पण रोध, डायोड आणि ट्रान्झिस्टर बदललेले नाहीत.

त्याच्या जोडीला चार्ल्स प्लॅट यांचे ‘मेक: इलेक्ट्रॉनिक्स’. पहिली आवृत्ती 2009 ची, तिसरी 2021 ची. शक्यतो तिसरी घ्यावी. प्लॅट यांची रीत उलटी आहे. आधी प्रयोग, मग नियम. एलईडी मुद्दाम जाळून पाहा, असे ते सांगतात. पालकांना हे वाचून धस्स होईल, पण मुलाच्या डोळ्यांवर चष्मा चढवावा, शेजारी बसावे आणि जाळू द्यावा. एक एलईडी जाळलेला मुलगा 220 ओहमचा रोध पुन्हा विसरत नाही. तो आपला मखरवाला मुलगा या पुस्तकाने परत बोर्डाकडे वळला.

इंग्लंडात वाढलेल्या शेजाऱ्यांकडे कदाचित लेडीबर्डचे ‘मेकिंग अ ट्रान्झिस्टर रेडिओ’ (1972) निघेल. जी. सी. डॉब्स या धर्मोपदेशकांनी ते लिहिले. लाकडाच्या फळीवर स्क्रू पिळून, झाळकाम न करता रेडिओ जोडायचा! त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता सहज मिळत नाहीत, तरी केवळ चित्रांसाठी हे पुस्तक जुन्या बाजारात दिसले तर घ्यावे.

‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ हा होरोविट्झ आणि हिल यांचा ग्रंथ सर्वांनी ऐकलेला असतो. 1980 साली तो प्रथम निघाला, तिसरी आवृत्ती 2015 ची आणि पृष्ठे बाराशेच्या वर. हा ग्रंथ वाचायचा नसतो, विचारायचा असतो. दुसऱ्या प्रकरणात सुरुवातीलाच ट्रान्झिस्टरचा स्विच आहे, म्हणजे आपल्या चक्राचेच उत्तर. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी तेवढी दोन-चार पाने वाचावीत आणि ग्रंथ परत कपाटात ठेवावा. पुढचा प्रश्न पडला की पुन्हा काढावा. विकत घेण्याआधी ग्रंथालयात मागून पाहा.

चिपच्या आत शिरायचे असेल तर एलियट विल्यम्स यांचे ‘मेक: एव्हीआर प्रोग्रॅमिंग’ (2014) चांगले. आर्डुइनोच्या तयार आज्ञा बाजूला ठेवून चिपच्या रजिस्टरांना थेट हात कसा घालायचा ते यात शिकवले आहे. सी भाषेसाठी कर्निहन आणि रिची यांची 1988 ची दुसरी आवृत्ती. पुस्तक बारीक आहे, पण एक वाक्य वगळले तर पुढचे कळत नाही. ज्यांना पुढे हाच व्यवसाय करायचा आहे त्यांनी जॅक गॅन्सल यांचे ‘द आर्ट ऑफ डिझाइनिंग एम्बेडेड सिस्टिम्स’ पाहावे. बटण एकदा दाबले तरी चिपला ते अनेकदा दाबल्यासारखे का वाटते, हे गॅन्सल यांनी निरनिराळी बटणे ऑसिलोस्कोपला लावून प्रत्यक्ष मोजले. आपल्यातल्या किती इंजिनिअरांनी एवढे कष्ट घेतले असते, मला शंका आहे.

आणि गावकरांचे पुस्तक? ते माळ्यावर परत ठेवू नका. 8085 ला मेमरी आणि पोर्ट बाहेरून जोडावे लागत. मायक्रोकंट्रोलरमध्ये तेच सगळे एका चिपमध्ये असते. मुलगा विल्यम्सपर्यंत पोहोचला की ‘आत नेमके चालते काय?’ असे विचारील. तेव्हा बाबांनी ते काढावे आणि शेजारी बसून मराठीतून समजावावे. सेमीकंडक्टरला मराठी विश्वकोशात ‘अर्धसंवाहक’ म्हणतात, तोही शब्द त्या निमित्ताने कानावरून जाईल.

गृहपाठ (पालकांची मदत चालेल) :

1) ‘एटीमेगा 328 पी’चे डेटाशीट उघडून कमाल मर्यादांचा तक्ता शोधा. तो कोणत्या पानावर आहे?

2) 5 व्होल्टच्या पिनला 220 ओहमचा रोध आणि लाल एलईडी जोडला आहे. एलईडीवर 2 व्होल्ट पडतात असे धरा. प्रवाह किती?

3) असे किती एलईडी एकाच वेळी लावले की 200 मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाईल? प्रत्येक पिन स्वतःच्या मर्यादेत असूनही चिप धोक्यात कशी येते, ते दोन वाक्यांत मराठीत लिहा.

उत्तरे वहीत लिहून पुढच्या रविवारी आणावीत. चक्राची मोटर माझ्याकडे जपून ठेवली आहे. डायोड आणि ट्रान्झिस्टर तो मुलगा आणणार आहे.