गोविंदांनो, विम्याचा कागद वाचा!

गोकुळाष्टमी जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या मंडळांची पोरे माझ्या दवाखान्यात डोकावतात. "डॉक्टर, आता सरकारी विमा आहे, मग भीती कसली?" असे विचारतात.

विमा आहे, हे खरे. २०२३ साली राज्य शासनाने माणशी ७५ रुपये हप्ता भरून ५० हजार गोविंदांचा अपघात विमा उतरवला. २०२५ साली ही संख्या दीड लाखावर नेली. २०२३ च्या विम्यात मृत्यू झाल्यास वारसाला १० लाख, एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास ५ लाख, पण रुग्णालयाचा खर्च जास्तीत जास्त १ लाख होता.

मेख इथेच आहे. मणक्याला मार लागला तर शस्त्रक्रिया आणि नंतरचे व्यायामोपचार यांत लाख रुपये पाहता पाहता संपतात.

म्हणून सरावाआधीच तीन गोष्टी करा. पथकाच्या यादीत आपले नाव व वय बरोबर आहे का, ते पाहा. सरावातला अपघात विम्यात धरला आहे का, हे लेखी विचारा. घरचे रेशनकार्ड, आधारकार्ड हाताशी ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून ५ लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्येच झाला आहे. मात्र रुग्णालय त्या योजनेतले हवे.

चौदा वर्षांखालील मुलांना थरावर चढवू नका. आणि कोणी पडलाच, तर हातपाय धरून उचलू नका. मान न हलवता फळीवर घ्या आणि १०८ ला फोन करा.