आधी वायर ठरव, मग फ्यूज

"दिवेच तर आहेत ताई, त्यांचं शेवटी बघू," असं तू म्हणालीस ना, तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. विमानाच्या इंजिनावरून, पंखांच्या सांध्यांवरून तुमच्या गटात रात्र-रात्र वाद चालतात, आणि दिव्यांची वायर मात्र कुणीतरी धुळ्याच्या आग्रा रोडवरून जाता जाता घेऊन येणार. असं करू नका, माय. रस्त्यावर गाडीतून धूर आला तर ती बाजूला घेऊन उतरता येतं. वर ती सोय नाही.

घरी बांधलेलं विमान ही आपल्याकडे आता नवलाची गोष्ट राहिली नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, आणि २०२० मध्ये चाचणी झाली ती तुझ्या धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर. तुम्हीही अशीच वर्षं घालणार आहात. मग वायरीला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?

पहिली गोष्ट मनात पक्की कर: फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात काय करतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. मोटर सारखा फ्यूज उडवते म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालतात. मोटर चालते, पाणी येतं, सगळे खूश. मग एक दिवस तार शाबूत राहते आणि वायर जळते. दिवा बिघडला तर बदलता येतो. पण पंखाच्या आत, पेट्रोलच्या टाकीशेजारून गेलेली वायर तापली तर तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचणार?

म्हणून आधी वायर ठरव, आणि त्या वायरीला सोसेल तेवढाच फ्यूज लाव. अमेरिकी गेजमध्ये आकडा वाढला की वायर बारीक होते, हे ध्यानात ठेव. विमान दुरुस्तीचा जो अमेरिकी सरकारी संदर्भग्रंथ सगळे वापरतात, त्यात २२ गेजला ५ अँपिअरचा ब्रेकर सांगितला आहे, २० ला साडेसात, १८ ला १०, १६ ला १५ आणि १४ ला २०. हे ब्रेकरचे आकडे आहेत. २२ आणि १८ गेज सोडले तर त्याच वायरीला फ्यूज याहून एक पायरी कमी सांगितला आहे. दिवा एकच अँपिअर घेत असला तरी २२ गेजला ५ चा फ्यूज चालतो, कारण वायर तेवढं सोसते. पण त्याच वायरीला १५ चा लावलास तर तू मळ्यातलीच चूक केलीस.

आता लांबी. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा लँडिंग लाइट १२ व्होल्टच्या विमानात साधारण ८ अँपिअर घेतो. १८ गेजला १० चा ब्रेकर चालतो म्हणून तीच वायर ओढलीस, आणि पंखाच्या टोकापर्यंत ६ मीटर जाणं, ६ मीटर येणं झालं, तर वाटेतच २ व्होल्ट गळतात. तो ग्रंथ अशा विमानात सतत चालणाऱ्या भाराला अर्धा व्होल्टच गळू देतो. त्या हिशेबाने १२ गेजची वायर लागेल, आणि तिचं वजन पंखाच्या टोकापर्यंत वाहत न्यायचं. त्यापेक्षा ३ अँपिअरचा एलईडी घेतलास तर १६ गेजमध्ये काम होतं. डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा आणि शेपटीचा पांढरा हे दिवेही एलईडीचे घेतलेस तर त्यांना २२ गेज पुरते. त्याहून बारीक वायर मात्र नको. प्रवाह सोसला तरी हादऱ्यांनी ती तुटते. आणि तुमचा सांगाडा फायबरचा आहे, त्यामुळे परतीची वायर स्वतंत्र ओढावी लागेल. ती जाणाऱ्या वायरीला पिळून घे, म्हणजे होकायंत्र बिघडणार नाही.

कुणी हट्टाने जुनेच बल्ब लावले तर सांगून ठेवते: थंड तंतू पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो. अगदी मोजून लावलेला फ्यूज तेव्हा उडेल. मग मोठा फ्यूज लावायचा मोह होतो. फ्यूज वाढवायचाच असेल तर वायरही वाढव.

वायर कुठली? घरच्या फिटिंगची पीव्हीसी वायर अजिबात नको. ती साधारण ७० अंशांपर्यंतची असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, बंद पंखाच्या आत किती होत असतील याचा विचार कर. शिवाय पीव्हीसी जळलं की विषारी धूर निघतो, आणि कॉकपिट केवढंसं असतं! विमानासाठी कलई केलेल्या तांब्याची, अनेक बारीक तारांची, टेफझेल आवरणाची वायर मिळते. ती १५० अंश सोसते. महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका. रंगावर वाचवा, खुर्चीच्या कापडावर वाचवा.

फ्यूजवर सगळी भिस्तही ठेवू नकोस. १९९८ मध्ये स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान आगीमुळे समुद्रात कोसळलं आणि २२९ माणसं गेली. तपासात कारण निघालं ते बहुधा वायरीतल्या ठिणगीचं. साधा ब्रेकर जास्त प्रवाह ओळखतो, ठिणगी ओळखत नाही. त्यामुळे वायर घासणारच नाही, हे तुलाच बघावं लागेल. पत्र्यातून किंवा फळीतून जाते तिथे रबरी ग्रोमेट, थोड्या-थोड्या अंतरावर क्लँप, आणि पेट्रोलच्या नळीला बांधायची तर कधीच नाही.

फ्यूज बसबारच्या, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीच्या, अगदी जवळ लाव, दिव्याजवळ नाही. त्याच्या अलीकडचा तुकडा संरक्षणाविनाच राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. टोकाचे दिवे, लुकलुकणारा स्ट्रोब, लँडिंग लाइट आणि पॅनेलचे दिवे, प्रत्येकाला वेगळा फ्यूज हवा. उतरताना लँडिंग लाइट गेला तर निभावता येतं. त्याच्यासोबत पॅनेलही अंधारलं तर नाही. मी तरी ब्रेकरपेक्षा गाडीतले चपटे ब्लेड फ्यूजच घेईन. हलके, स्वस्त, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळणारे. आणि हवेत बसून बदलता येत नाहीत, हाच मला त्यांचा गुण वाटतो. उडालेला ब्रेकर पुन्हा-पुन्हा दाबायचा मोह फार वाईट.

टोकं सोल्डर करू नका, क्रिम्प करा. जिथे सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. रॅचेटचं क्रिम्पिंग हत्यार माझ्याकडे आहे, ते घेऊन जा. येताना सर्किटचा कागद आण, प्रत्येक वायरीची लांबी दोरीने मोजून लिहिलेला. अंदाजाने लिहिलेला असेल तर मी बघणार नाही.