ओळ कुठे तोडावी?

लुई ब्रेल हा फ्रान्स देशातला मुलगा. त्याचा जन्म १८०९ साली झाला. बाप घोड्यांची खोगिरे शिवी. लुई तीन वर्षांचा असताना बापाची आरी घेऊन खेळत होता. आरी डोळ्यात घुसली. पुढे दुसराही डोळा गेला. पण पोर मोठे हुशार! त्याने उठावाच्या सहा टिंबांची लिपी तयार केली. १८२९ साली तिचे पुस्तक निघाले. अंध माणसे बोटांनी वाचू लागली.

आपल्या देशातील भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल लिपी ठरली. मराठीही त्याच लिपीत छापतात.

आता या कामाला संगणक आला आहे. आपण मजकूर नेहमीसारखा टाइप करायचा. संगणकातली आज्ञावली त्याची ब्रेल करते. मग यंत्र जाड कागदावर टिंबे उठवते. लिबलुई नावाची अशी आज्ञावली फुकट मिळते. पण एक गोष्ट आपणच सांभाळायची. ती म्हणजे ओळ.

'पाणी' हा शब्द पाहा. शाईत तो दोन अक्षरांचा. ब्रेलमध्ये काना आणि वेलांटी यांना वेगळे घर लागते. प, आ, ण, ई अशी चार घरे झाली. मोठ्या कागदावर एका ओळीत सुमारे ४० घरे मावतात. म्हणून शाईची ओळ संपते तिथे ब्रेलची ओळ संपेलच असे नाही.

पुष्कळ जण ओळ भरली की एंटरची कळ दाबतात. तसे करू नये. एंटर दाबले की संगणक समजतो, परिच्छेद संपला. मग तो पुढचे शब्द नव्या ओळीवर, दोन घरे सोडून मांडतो. वाक्याचे दोन तुकडे होतात.

समजा, औषधाच्या कागदावर असे आले :

ही गोळी उपाशीपोटी
  घेऊ नये.

डोळस माणूस दोन्ही ओळी एकदम पाहतो. बोट मात्र एकेक अक्षर वाचत जाते. पहिली ओळ संपली, पुढे जागा कोरी लागली, की वाचणाऱ्याला वाटेल, वाक्य संपले. मग तो गोळी उपाशीपोटीच घेईल! केवढा घात होईल बघा.

म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा :

१. वाक्य चालू असताना एंटर दाबू नका. ओळ आपोआप वळते.

२. परिच्छेद संपला की एंटर एकदाच दाबा.

३. कवितेची किंवा पत्त्याची ओळ ठरलेली असते. तिथे शिफ्ट धरून एंटर दाबा. ओळ बदलते, परिच्छेद तोच राहतो.

४. मथळ्याखाली जागा हवी म्हणून रिकाम्या ओळी घालू नका. हा मथळा आहे, अशी खूण संगणकात करा. जागा आज्ञावली सोडते.

५. शेवटी परिच्छेदाच्या लपलेल्या खुणा पडद्यावर आणा. वाक्याच्या मध्येच खूण दिसली तर पुसा. तिच्या जागी एक मोकळी जागा ठेवा. नाहीतर दोन शब्द चिकटतील.

नवे वाचणाऱ्याला तुटके वाक्य किती छळते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? अंध वाचकाला तो त्रास होऊ देऊ नका.

प्रश्न
१. 'नदी' हा शब्द ब्रेलमध्ये किती घरे घेईल?
२. अभंग टाइप करताना ओळ कशी बदलाल?
३. वाक्याच्या मध्ये एंटर दाबले तर काय होते?